खळ घातलेला स्वेटर

आमच्या घरात थंडी कुणी कधी मनावर घेतलीच नव्हती. आम्ही मूळचे खाडीकाठचे. पहाटे गोधडी जरा वर ओढायची, चुलीपाशी बसून गरम पेज प्यायची आणि अंगणात ऊन आलं की विसरून जायचं, थंडीचा आमच्याकडे मान तो एवढाच. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सिल्वासाला जंगलखात्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं, तेव्हा सामानात पाटा-वरवंटा होता, आमसुलांची बरणी होती, आत्याची नवारीची खाट होती, देव होते, पण अंगात घालायचं गरम असं एक चिरगूट नव्हतं. आणि सिल्वासाला आल्यावरही ते नसल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथली थंडीही तशी मऊच. दमणगंगेवरून सकाळी धुकं यायचं, हातपाय थोडे गार पडायचे, झालं.

तेव्हाचं सिल्वासा आता सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. आज जिथे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड एकीला एक लागून उभ्या आहेत, तिथे सागाचं रान होतं आणि त्या रानातून किलवणीकडे जाणारी तांबड्या मातीची वाट होती. आमचं क्वार्टर कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. कौलारू, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पुढे बसायला ओटा. गल्लीत भाषांची नुसती भेळ होती. शेजारी हॉस्पिटलातल्या सिस्टर फिलोमिना, गोव्याच्या, पोर्तुगीजांच्या वेळेपासून इथेच राहिलेल्या. पलीकडे खानदेशचे पोलीस जमादार. कोपऱ्यावर छगनशेठचं किराण्याचं दुकान, तिथे सगळे गुजराती बोलत, ज्याला जशी येईल तशी. सकाळी डेपोत ओंडके उतरवणाऱ्या माणसांच्या हाळ्या ऐकू येत, दुपारी चर्चची घंटा, आणि भात झोडून झाला की संध्याकाळी दूरच्या पाड्यांवरून तारपा वाजू लागे. तो लांबून येणारा घुमता आवाज ऐकत वालपापडीच्या शेंगा सोलायच्या, हा आमचा हिवाळा.

घरात सत्ता आत्याची होती. ती अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं, ती माहेरी परत आली आणि पाठच्या भावाला तिनेच वाढवलं. अण्णा तिला अक्का म्हणत आणि कचेरीत साहेबासमोर बसावं तसे तिच्यासमोर बसत. आई तिला वन्सं म्हणे. "वन्सं म्हणतील तसं," हे आईचं इतकं ठरलेलं वाक्य होतं की ते ऐकू आलं नाही तर मला वाटे, आईला बरं नाही की काय. आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तिच्या हातच्या घावन्यांसाठी मी आजही काय वाट्टेल ते देईन. पण तिची शिस्त कडक होती, आणि तिच्या शिस्तीतली सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे खळ. भाताची पेज गाळून, त्यात चिमूटभर नीळ टाकून ती खळ करायची आणि घरातला प्रत्येक सुती कपडा तीत बुडवायची. अण्णांचा सदरा, आईची लुगडी, माझे फ्रॉक, उशांचे अभ्रे. मग कोळशाची इस्त्री फिरायची आणि घरभर भाजल्या भातासारखा वास सुटायचा. अण्णांचा सदरा कचेरीत अण्णांच्या आधी पोचतो, असं जमादार म्हणत. पावसाळ्यात तर खळीने कपड्यांना बुरशी धरायची, तरी आत्याचा नेम मोडला नाही. चार लोकांत जायचं तर कपडा ताठ हवा, माणूस वाकला तरी चालेल, असं तिचं एकंदर धोरण होतं.

मी सातवीत असताना आमच्या शाळेच्या मुलींना नाशिकला खोखोच्या सामन्यांचं बोलावणं आलं. मी खांब मारण्यात पटाईत होते, हे माझं मीच सांगायला हवं, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मुंबईच्या. त्यांनी प्रार्थनेनंतर माझं नाव वाचलं आणि मी जागच्या जागी उडाले. लगेच पुढचं वाक्य आलं: "नाशिकला कडाक्याची थंडी असते. मागे एका मुलीला तिथे ताप भरला होता, तो निस्तरायला मला पुरे झालं. जिच्याकडे स्वेटर असेल तिनेच यायचं. बस सुटताना मी स्वतः बघणार आहे." माझ्या शेजारी किलवणीची जमना उभी होती, आमच्यातली सगळ्यात वेगवान पळणारी. तिच्या मामाने तिला कुठूनसा एक तपकिरी स्वेटर आणून दिलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुझ्याकडं हाय ना?" मी मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे मलाही कळलं नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा आत्या वालाच्या बिरड्याला फोडणी देत होती. तिने डाव खाली ठेवला नाही. "नाशिक? पोरीच्या जातीने परगावी जाऊन राहायचं, परक्या छपराखाली? आणि कशासाठी, तर धावायला," ती म्हणाली. अण्णा पुटपुटले की बाई सोबत असतात, सगळ्याच मुली जातायत. आत्याने विचारलं, "स्वेटर आहे?" अण्णा म्हणाले, "नाही." "सिल्वासात मिळतो?" "नाही." "मग झालं तर. विषय संपला," आत्या म्हणाली आणि बिरड्यात पाणी ओतलं. चर्र झालं. मी ओट्यावर जाऊन बसले आणि ढसाढसा रडायच्या तयारीला लागले. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा. "मी करते स्वेटर."

मग आत्याने विचारलं, "तू कधी केलायस?" "नाही केला," आई म्हणाली. "शिकेन." आज इतक्या वर्षांनी सांगते, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ धीट बायका पाहिल्या, मोर्च्यात पाहिल्या, कोर्टात पाहिल्या, पण त्या एका 'शिकेन'ला जेवढं धैर्य लागलं असेल तेवढं कुठे पाहिल्याचं आठवत नाही.

आई त्याच संध्याकाळी सिस्टर फिलोमिनांकडे गेली. त्यांच्या दारात मी त्यांना फावल्या वेळात विणताना पाहिलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सुया आसात गो माझ्याकडे. शिकवतंय पण मी. पण लोकर खंय?" लोकर कुठेच नव्हती. वापीच्या बाजारात नव्हती, मुंबईहून मागवायची तर सामने होऊन गेले असते. आई तिथेच पायरीवर बसली. सिस्टरच्या टेबलावर त्यांच्या आईने क्रोशाने विणलेला हिरव्या सुताचा टेबलक्लॉथ होता, मधोमध विरलेला. सिस्टरनी तो उचलला, एका कोपऱ्यातली गाठ दातांनी सोडवली आणि टोक ओढलं. सरसर धागा सुटत गेला. "सूत तर सूत," सिस्टर म्हणाल्या. आईच्या मांडीवर हिरव्या धाग्याचा ढीग साठत गेला आणि मला तेव्हाच वाटलं की मी नाशिकला पोचले.

त्यानंतर आमच्या गल्लीत सुताचा नुसता शोध सुरू झाला. छगनशेठच्या दुकानात साखरेच्या आणि पिठाच्या गोण्या यायच्या, त्यांच्या तोंडाची शिलाई एका विशिष्ट टोकाने ओढली की सबंध दोरा अखंड हातात येतो. तो दोरा शेठ फेकून देत. आईने मागितला तेव्हा शेठ म्हणाले, "बेन, आ दोरानुं शुं करशो?" आईने स्वेटर म्हणताच ते गल्ल्यावरून वाकून बघू लागले. "दोरानुं स्वेटर?" मग त्यांना इतकी मजा वाटली की येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले आणि आमच्यासाठी दोऱ्याचे गुंडे बाजूला काढून ठेवू लागले. जमादारांनी आपणहून विचारलं, "भाभी, परेडचे हातमोजे पडेल आहेत घरात, फाटेल. चालतीन का?" त्या पांढऱ्या हातमोज्यांचं सूत काय मऊ होतं. ते आईने हळदीच्या पाण्यात उकळून पिवळं केलं.

अण्णांची तऱ्हाच निराळी. कचेरीत फायली बांधायच्या लाल सुती फिती असत. जुन्या झाल्या, तुटल्या की केरात जात. आईने त्या आणायला सांगितलं तर अण्णा गंभीर झाले. "ती सरकारी वस्तू आहे." आई म्हणाली, "केरात टाकल्यावरसुद्धा?" अण्णांना रात्रभर ते लागून राहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांची रीतसर परवानगी मागितली. साहेब म्हणे इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि संध्याकाळी अण्णा दोन्ही खिसे फुगवून घरी आले. त्या फितींचे धागे बारीक निघत, पाचसहा एकत्र पिळून घ्यावे लागत, आणि ते काम अण्णांनी अंगावर घेतलं. पायाच्या अंगठ्याला टोक अडकवून ते ओट्यावर पीळ घालत बसत आणि येणारे-जाणारे विचारत, साहेब, आज कुठली फाईल? तपकिरी रंग आईच्या माहेरच्या आठवणीतून आला. तिकडे कोळी ऐनाची साल उकळून त्यात जाळी बुडवत. सुरंगी गावाकडच्या एका जंगल गार्डने अण्णांना पिशवीभर साल आणून दिली आणि गोण्यांच्या अर्ध्या दोऱ्यासाठी आमच्या परसात पातेलं चढलं. आत्या त्या पातेल्याच्या जवळपास फिरकत नव्हती. रंगाचा एखादा ओघळ अंगणात दिसला तरी ती त्यावर पाणी ओतायची. तिची स्वतःची लुगडी सगळी फिकट, बिनकाठाची, आणि त्यांवर डाग पडू नये म्हणून ती रंगवलेल्या सुताच्या दोरीपासून लांब वाळत घाली.

परवा माझी नात पट्ट्यापट्ट्यांचा एक स्वेटर घेऊन आली. त्याच्या चिठ्ठीवर छापलं होतं की हा वापरून झालेल्या सुतापासून बनवला आहे, पृथ्वीच्या भल्यासाठी. छान होता. पण मी त्यातला प्रत्येक पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि एकही पट्टा कुणाचा होता ते कळेना, म्हणून मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. आमच्या स्वेटरचा प्रत्येक पट्टा कुणाचा तरी होता. हिरवा सिस्टरचा, पिवळा जमादारांचा, पांढरा नि तपकिरी छगनशेठचा, लाल सरकारचा. आई दुपारी ओट्यावर विणायला बसली की एकेक जण डोकावून जायचा. "आमचा पट्टा किती झाला?" "आमच्याहून त्यांचा रुंद कसा?" जमादारांना पिवळा पट्टा छातीवर हवा होता आणि तो तिथेच आला, तेव्हा त्यांनी आईला सलाम ठोकला. आईचं बोलणं तोवर गल्लीत कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. त्या ओट्यावर ती हसायला लागली. सुयांची टकटक, तिचं हसणं आणि मधूनच सिस्टरचं "उसव गो, उसव, टाको सुटलो," हे सगळं मिळून घरात जो आवाज भरला तो मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

आत्या मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती. आली तर नजर सरळ रस्त्यावर. मी धीर करून एकदा तिला म्हटलं, "आत्या, बघ ना पुढची बाजू झाली." ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." पण मी पाहिलं, आई पाण्याला गेली असताना तिने ते विणकाम उचललं, दोन्ही हातांनी ताणलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि होतं तसं ठेवून दिलं.

आणि मग सूत संपलं. पुढची-मागची बाजू झाली होती, गळा झाला होता, बाह्या राहिल्या होत्या. छगनशेठच्या गोण्या पुढच्या आठवड्यात येणार होत्या आणि बस त्याच्या आधी सुटणार होती. सिस्टर म्हणाल्या, बिनबाह्यांचाही स्वेटर असतो. आई म्हणाली, बाईंना तो चालायचा नाही, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी उठून पाहते तर आत्याची खाट नुसती चौकट होऊन उभी, आणि तिच्याखाली जमिनीवर चटई. खाटेची सबंध नवार, कडेला निळी रेघ असलेली ती रुंद पट्टी, गुंडाळी होऊन आईच्या सुयांशेजारी पडली होती. आत्या चुलीशी फुंकणी फुंकत होती. अण्णांनी विचारलं, "अक्का, हे काय?" ती म्हणाली, "नवार ढिली झाली होती. पाठ दुखायची. जमिनीवर बरं वाटतं." नवारीतले उभे धागे काढायचे म्हणजे कंबरडं मोडणारं काम, पण धागा निघतो तो चांगला जाड आणि लांबच लांब. त्या दिवशी पहिल्यांदा आत्या ओट्यावर येऊन बसली. आई धागा ओढायची आणि आत्या त्याचे गुंडे करायची. गुंडे इतके घट्ट आणि गोल होते की सिस्टरनी एक उचलून चेंडूसारखा झेलला. दोन्ही बाह्या पांढऱ्या-निळ्या झाल्या.

स्वेटर पुरा झाला तो निघायच्या आदल्या दिवशी. मला तो इतका आवडला की मी काढेचना. पण त्याला गोणीचा, जुन्या फायलींचा आणि ऐनाच्या सालीचा असा मिळून एक वास येत होता, तेव्हा आईने तो सकाळी धुतला. साबण लागताच हळदीचा पिवळा पट्टा तांबूस झाला, त्यावर जमादार म्हणाले, आता तर बढतीच मिळाली. स्वेटर दोरीवर टाकून आई सिस्टरच्या सुया परत करायला आणि आभार मानायला गेली, तिथे गप्पांत रमली. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "वाळला. घडी करून ठेवलाय. तू दशम्या कर."

पहाटे मी उठले आणि घडी शोधू लागले. घडी नव्हती. स्वेटर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. खोटं नाही सांगत, उभा. दोन्ही बाह्या बाजूला सरळ, छाती सपाट, एखाद्या पाहुण्यासारखा. मी हात लावला तर खडखडला. आई धावत आली, तिने तो पालथा केला, उताणा केला आणि तिचा चेहरा पडला. "वन्सं," ती म्हणाली, "हे काय केलंत?" आत्या देवापाशी वात करत होती. "काय केलं म्हणजे? खळ घातली. चांगली दोनदा घातली, लांबचा प्रवास आहे म्हणून. आपल्या घरचं सुती कापड बिनखळीचं गेलंय कधी गावाला?" मी किंचाळले, की तुला मला पाठवायचंच नव्हतं, म्हणून तू असं केलंस. आत्याच्या हातातली वात तशीच राहिली. "लोकरीचा असता तर नसती घातली," ती शेवटी हळूच म्हणाली. "सूत आहे म्हणून घातली."

तिचं खरं होतं. आम्हा सगळ्यांनाच हे इतकं खरं वाटलं की आधी अण्णा हसले. अण्णांना आत्यासमोर मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग आई हसली आणि हसता हसता तिने स्वेटर माझ्या डोक्यावरून घालायला घेतला, तो कानांपाशी अडकला. गळा म्हणजे लाकडी कडं झालं होतं. "आण इकडे," आत्या म्हणाली. तिने दोन्ही मुठी गळ्यात घालून तो असा ताणला की पापड मोडावा तसा आवाज झाला आणि पांढरा भुगा उडाला. मग एक बाही अण्णांनी घेतली, एक आईने, पाठ आत्याने, आणि चुलीच्या उजेडात तिघं मिळून तो स्वेटर चोळत सुटली. आवाजाने सिस्टर आल्या. "कितें जालें गो?" त्यांनी विचारलं, आणि पाहताच पदर खोचून त्याही बसल्या. ड्यूटीला जायचं होतं ते विसरल्या. पुष्कळ चोळूनही तो मऊ असा झालाच नाही, पण माझं डोकं आत गेलं. हात मात्र खाली येत नव्हते. मी दोन्ही हात बाजूला पसरून, घराबाहेर वाळत घातल्यासारखी, बसकडे निघाले. माझ्यामागून अर्धी गल्ली.

मोठ्या बाई बसच्या पायरीशी उभ्या होत्या, एकेकीचा स्वेटर बघून आत सोडत होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या. त्यांनी माझ्या छातीवर बोटाने टिचकी मारली. टक् असा आवाज आला. "हे काय आहे?"

"स्वेटर, बाई."

"लोकरीचा आहे?"

"सुताचा."

"नाशिकची थंडी सुताने जाते होय? आणि हा असा काय, पत्र्यासारखा? मी काय सांगितलं होतं?" बसमधून जमना मान बाहेर काढून बघत होती. अण्णा पुढे होऊन काहीतरी पुटपुटले, ते बाईंपर्यंत पोचलंच नाही. तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला सारलं. आत्या होती. परक्या माणसाशी ती कधी बोलत नसे, भाजीवालीशीसुद्धा आईमार्फत बोलायची.

"बाई, मी हिची आत्या," ती म्हणाली. "हिला पाठवू नका म्हणणारी मीच. खळ घातली तीही मीच, मला सुचलं नाही. पण स्वेटर आमच्या घरात झालाय, तीन आठवडे हिची आई त्यावर राबलीय. माझ्या खाटेची नवार आहे त्यात, या सगळ्यांचं काही ना काही आहे. थंडी वाजली पोरीला तर मला विचारा. पण तिला न्या."

बाई आत्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या पसरलेल्या हातांकडे. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "बसायला वाकता येतंय का, ते बघ आधी," त्या मला म्हणाल्या. मी वाकले. कमरेत कडकडकड झालं, पण वाकले. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि छगनशेठनी खिडकीतून चिक्कीचा पुडा आत टाकला.

घाटात वारा सुरू झाला तसं एक नवल झालं. बसच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, सगळ्या मुली आपापल्या लोकरी स्वेटरांत कुडकुडत एकमेकींना बिलगल्या, आणि मी आपली निवांत. खळीने टाक्यांमधली भोकं अशी लिंपली गेली होती की वारा आत यायला जागाच नव्हती. पुढच्या बाकावरून जमना उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या आडोशाला बसली. थोड्या वेळाने मोठ्या बाईंनी मागे वळून पाहिलं, आणि त्याही आमच्या बाकावर येऊन बसल्या, माझ्या वाऱ्याकडच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या. दशम्या आणि तिळाची चटणी तिघींनी खाल्ली.

नाशिकला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, तेही डावाने. तिथल्या मुली अशा पळत होत्या की जमनाचंही तोंड उघडं राहिलं. पण हरल्यामुळे उरलेले दिवस मोकळे मिळाले. नदी पाहिली, द्राक्षं खाल्ली, एकमेकींच्या वेण्या घातल्या, बाईंनी गाणी म्हटली. पहाटेच्या दवात आणि एकदा नदीत मी घसरून पडले त्यात स्वेटरची खळ हळूहळू निघून गेली, तो मऊ झाला, आणि मऊ झाला तसा लांबत गेला. सुताला ओलं सोसत नाही. परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा तो गुडघ्यांपर्यंत आला होता आणि बाह्या चार वेळा दुमडल्या तरी हात दिसत नव्हते.

गल्लीत कुणी सामन्याचं विचारलं नाही. पट्टे सगळे धड आहेत ना, एवढं ज्याने त्याने पाहून घेतलं. आत्याने मात्र मला जवळ बसवून सगळं विचारलं. तिकडे नदीला गंगाच म्हणतात ना, ती केवढी आहे, घाटावर पायऱ्या किती उतराव्या लागतात, पाणी गार असतं का, बायका एकट्याने जातात का. मी सांगत गेले आणि ती मधे मधे 'मग?' म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तेच सगळं पुन्हा विचारलं.

आईने स्वेटर धुऊन वाळवला, माझ्या अंगाला लावला आणि म्हणाली, "उसवायला हवा. परत विणते, लहान करून." तिने शिवणीचं टोक शोधायला घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "थांब जरा. नवार कुठे कुठे गेलीय ते तरी बघू दे." तिने तो हातात घेतला. बाह्यांवरून हात फिरवला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि डोक्यावरून घातला. तिला तो खांद्यात, लांबीत, सगळीकडे बरोबर बसला. त्या फिकट लुगड्यावर लाल, हिरवा, तांबूस पिवळा, निळा, सगळे रंग एकदम. मी काहीतरी बोलणार होते, आईने माझा हात दाबला.

आत्याने तो काढला नाही. अंगात घालूनच तिने भात वेळला, भाकऱ्या थापल्या, तुळशीला पाणी घातलं. दुपारी अण्णा जेवायला आले, दारात चपला काढता काढता थबकले आणि एक पाय चपलेत तसाच ठेवून बघत राहिले. बाहेर रणरणतं ऊन पडलं होतं. आत्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"थंडी वाजत होती," आत्या ताटाकडे बघत म्हणाली.

"हो, गारठा आहेच आज," आई म्हणाली, आणि उठून तिने खिडकी लावून घेतली.